टिंबानंतरचे नाव

कामगारांची संघटना काढताना पहिला खल होतो तो नावावर. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात मुळात सात सभासदांच्या सह्यांवर नोंदणीचा अर्ज करता येई, आणि लोकांची फसगत होईल इतके सारखे नाव आधी नोंदलेले असेल तर रजिस्ट्रार नवे नाव बदलायला लावी. इंटरनेटवरील नावांनाही असा एक रजिस्ट्रार आहे : १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली आयकॅन ही संस्था. पत्त्याच्या शेवटच्या टिंबानंतर ‘कॉम’, ‘ऑर्ग’ असे जे शब्द येतात, त्यांत नव्यांची भर कोणी घालावी हे ती ठरवते. ज्याला शब्द मिळाला त्याला त्याखालची नावे देण्याचा अधिकार मिळतो. एका घराचा पत्ता नव्हे, अख्ख्या पेठेची सनदच ती!

२०१२ साली आयकॅनने मोठ्या प्रमाणावर अर्ज मागवले. एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर, तेव्हाच्या भावाने सुमारे एक कोटी रुपये. अर्ज आले १,९३०. त्यांत उत्तर अमेरिकेचे ९११, आणि साऱ्या आफ्रिका खंडाचे १७! नियम सर्वांना सारखा होता, हे कबूल. गिरणीत उशिरा येण्याचा दंडही कागदावर सर्वांना सारखाच असे. भरावा लागे तो मजुराला. एकाच शब्दावर अनेकांचा दावा असला आणि समेट झाला नाही, तर शेवटी लिलाव. ‘वेब’ या शब्दाची बोली २०१६ मध्ये साडेतेरा कोटी डॉलरवर गेली.

पैशाने न सुटणारेही तंटे होते. ‘ॲमेझॉन’ हा शब्द त्या नावाच्या कंपनीने मागितला. नदीकाठच्या ब्राझील व पेरू या देशांनी हरकत घेतली. देशांच्या नावांना नियमांत संरक्षण होते, नद्यांच्या नावांना नव्हते. २०१४ साली अर्ज फेटाळला गेला; पुढे कंपनीने दाद मागितली आणि २०१९ मध्ये निर्णय तिच्या बाजूने फिरला. उद्या कोणी ‘गोदावरी’ मागितले, तर घाटावर बसणाऱ्या आपणांस कोण विचारील?

आता आपल्या लिपीचे पाहा. ‘ऑर्ग’ चालवणाऱ्या अमेरिकन संस्थेला त्याच फेरीत देवनागरी शब्द मिळाला तो ‘संगठन’. हे हिंदी रूप झाले. आपण ‘संघटना’ लिहितो. उभा जन्म त्या शब्दाखाली घालवलेल्या माझ्यासारख्याला तो ‘ग’ खुपतो. लिपी एक म्हणून भाषा एक, हा समज मोडायला हवा. २०१४ साली सुरू झालेले ‘भारत’ हे नाव मात्र मराठीसह आठ भाषांना चालते, कारण तो शब्दच सर्वांचा आहे.

२०२६ च्या फेरीसाठी फी २,२७,००० डॉलर ठरली. गरजू संस्थांना ७५ ते ८५ टक्के सूट मिळू शकते, तरी कमीत कमी ३४,०५० डॉलर उरतातच. अर्जांची यादी जाहीर झाल्यावर मात्र कोणालाही लेखी मत देता येते, आणि त्याला फी नाही. तेवढी खिडकी उघडी आहे. आपल्या वाचनालयांनी आणि संघटनांनी ती यादी मागवून वाचावी, आणि जिथे शब्द खटकेल तिथे मुदतीत हरकत लिहावी.