रेषीय हायपरग्राफमधील निषिद्ध रचना

बारामती, माळेगाव, सुपे, इंदापूर, भिगवण व बावडा या सहा गावांच्या प्रतिनिधींमधून तिघातिघांच्या समित्या नेमावयाच्या आहेत, असे मानू. कोणतीही दोन गावे एकाहून अधिक समित्यांत एकत्र येत नसतील, तर त्या रचनेस रेषीय हायपरग्राफ म्हणतात. बारामती-माळेगाव-सुपे, बारामती-इंदापूर-भिगवण, माळेगाव-इंदापूर-बावडा आणि सुपे-भिगवण-बावडा या चार समित्या ही अट पाळतात. जर्मन गणिती मोरित्स पाश यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना व्यवहारात घातक ठरते. समिती म्हणजे माहितीची डिस्क व गाव म्हणजे पडताळणीची डिस्क मानल्यास, चारही माहिती-डिस्क एकदम निकामी झाल्यावर त्यांवरील मजकूर परत मिळत नाही. कारण प्रत्येक गाव नेमके दोनदा येत असल्याने चारही ठिकाणचे बिट उलटे केले तरी सम-विषमतेची एकही बेरीज बदलत नाही.

मग पाश टाळून जास्तीत जास्त त्रिके किती? न बिंदूंवर रेषीयतेच्या अटीनेच कमाल संख्या न(न-१)/६ ठरते. न ला ६ ने भागून बाकी १ वा ३ उरत असेल, तर ७ व १३ हे अपवाद वगळता पाश टाळूनही ही मर्यादा गाठता येते, हे ग्रॅनेल, ग्रिग्ज व व्हाइटहेड यांनी २००० साली सिद्ध केले. म्हणजे या निषेधाची किंमत जवळजवळ शून्य! मात्र वरील पहिल्या तीन समित्यांचा ‘त्रिकोण’ वर्ज्य केला, की त्रिकांची संख्या न च्या वर्गाच्या तुलनेत नगण्य होते (रुझा व सेमेरेदी, १९७८). ती नेमकी किती, हे अद्याप अनिर्णित आहे.

लॅटिन चौरस हेही ओळ, स्तंभ व चिन्ह यांच्या त्रिकांचे रेषीय हायपरग्राफच होत. शरदचंद्र श्रीखंडे यांनी १९५९ साली बोस व पार्कर यांच्यासह ऑयलरचे अनुमान खोडून काढले, ते याच चौरसांविषयी. त्यांत पाश म्हणजे २×२ चा उपचौरस. तो नसलेले लॅटिन चौरस २ व ४ वगळता प्रत्येक कोटीचे आढळतात.