साठ शर्टांचा खरा हिशेब

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत आज पहिल्यांदाच कोणीतरी दुकानाच्या गल्ल्यावर बसले आहे. कोणी वडिलांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे लावले आहेत, कोणी बचत गटाचे कर्ज काढले आहे. तयार कपड्यांच्या अशा दुकानांत १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की पांढऱ्या शर्टाला मोठी मागणी येते. गिऱ्हाईक विचारते, "पांढरा, बेचाळीस, फुल बाही आहे का?" वहीत मात्र एवढेच लिहिलेले असते : शर्ट, ६० नग.

हे साठ नग कोणते? त्यांतले चाळीस ३६ व ४४ नंबरचे असतील आणि ४० व ४२ केव्हाच संपले असतील, तर वहीप्रमाणे दुकान भरलेले आणि गिऱ्हाईकाच्या दृष्टीने रिकामे! कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेलाच येतो. लहान दुकानदाराचा पैसा असा न खपणाऱ्या साईजमध्ये अडकून पडतो.

भगवान बुद्धांनी कोलिय कुळातील दीघजाणू या गृहस्थाला संसारसुखाचे चार उपाय सांगितले. उद्योग करणे, मिळविलेले राखणे, चांगल्यांची संगत धरणे आणि मिळकत पाहून खर्च करणे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती वर गेले, किती खाली गेले हे कळते, तसे गृहस्थाला आपली जमा आणि खर्च कळली पाहिजे, असा दृष्टांतही त्यांनी दिला. आजच्या दुकानाचा तराजू म्हणजे बिलिंगचे सॉफ्टवेअर. पण तेही आपण भरलेल्या यादीवरच चालते. यादी चुकली की तराजूच खोटा.

म्हणून सॉफ्टवेअर घेतल्यावर लगेच टंकलेखनास बसू नये. प्रथम त्या सॉफ्टवेअरची कोरी नमुना फाईल उतरवून घ्यावी. त्यातील रकान्यांची नावे व क्रम बदलू नयेत. मग एकच नियम पाळावा : प्रत्येक वेगळ्या नगप्रकाराला वेगळी ओळ. एका शर्टाचे तीन रंग, पाच साईज असतील तर १५ ओळी. हाफ आणि फुल अशा दोन बाह्या असतील तर ३० ओळी. काम कंटाळवाणे आहे खरे, पण एकदाच करावयाचे आहे.

या तीसही ओळींत शर्टाचे मूळ नाव अक्षरशः सारखे असावे, म्हणजे सॉफ्टवेअर त्यांना एका कुटुंबातले मानते. रंग, साईज व बाही नावात न कोंबता स्वतंत्र रकान्यांत लिहावी. एकदा 'पांढरा', एकदा 'व्हाईट', एकदा 'सफेद' असे लिहिले तर संगणक ते तीन रंग धरतो. शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा त्याला वेगळी वाटते. प्रत्येक ओळीला स्वतःचा कोड, ज्याला एसकेयू म्हणतात, द्यावा. उदाहरणार्थ, शर्ट-पांढरा-फुल-४२ याचा 'एसएच-डब्ल्यू-एफ-४२'. हा कोड दोन ओळींना कधीही एकच नसावा.

एक्सेल वापरणाऱ्यांनी तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावे. बारकोड तेरा अंकी असतो. एक्सेल तो आखडून मध्ये 'ई' अक्षर घालते आणि पुढे शेवटचे अंक नष्ट होऊ शकतात. आकड्याच्या सुरुवातीचे शून्य गळते. लहान मुलांच्या कपड्यांची '२-३' वर्षे ही साईज तर चक्क तारीख बनते! उपाय सोपा आहे : टंकण्यापूर्वीच हे रकाने 'टेक्स्ट' करून ठेवावेत. मुख्य यादी एक्सेलमध्ये जपावी आणि सर्वात शेवटी तिची सीएसव्ही फाईल करावी. मराठी नावे असतील तर यूटीएफ-८ हा प्रकार निवडावा, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात. तयार सीएसव्ही पुन्हा एक्सेलमध्ये उघडून साठवू नये. तीच मोडतोड पुन्हा होते.

नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्यांनी कराचा रकानाही ओळीनुसार तपासावा. विणीच्या टी-शर्टचा एचएसएन क्रमांक ६१०९, तर पुरुषांच्या साध्या कापडी शर्टचा ६२०५. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाची करापूर्वीची विक्री किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. समजा, लग्नाच्या एकाच ब्लेझरची लहान साईज २४०० रुपयांना आणि मोठी २६०० ला आहे. मग माल एक, पण कर दोन! सर्व ओळींना एकच दर लावून मोकळे होणे महागात पडेल.

नगांची मोजणी दुकान बंद झाल्यावर, एकाच रात्री करावी. मधे विक्री झाली की आकडे जुळत नाहीत. प्रथम चारपाच वस्तूंचीच फाईल चढवून पाहावी, खोटे बिल फाडावे आणि नेमक्या त्याच साईजचा नग कमी झाला का ते बघावे. ते चाचणीचे बिल रद्द करून मगच सारी यादी चढवावी.

या कामाला बाहेरचा माणूस लागतोच असे नाही. कोणता नग खपतो हे माउलीला ठाऊक असते, संगणक मुलीला येतो. दोघींनी शेजारी बसावे. एकीने सांगावे, दुसरीने लिहावे. आपली मुले दुसऱ्यांच्या दुकानांच्या याद्या तुटपुंज्या पगारावर भरीत असतात. तीच विद्या घरच्या दुकानासाठी का वापरू नये?

१९१८ च्या सुमारास परमपूज्य बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. तेव्हा ज्ञान होते, पण बाजाराचे दार बंद होते. आज आपण त्या दारातून आत आलो आहोत. आत टिकून राहावयाचे तर आपल्या मालाचा नगानग हिशेब आपल्याच हाती हवा.

जयभीम!