दोन औंस चहा, नऊ वार लुगडं

ब्रिटनमध्ये जुलै १९४० ते ऑक्टोबर १९५२ चहा रेशनवर होता. युद्धकाळात माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅम मिळत. वर्षाचा हिशेब २ किलो ९५० ग्रॅम. भारतात १९६०-६१ साली चहाचा वापर होता माणशी वर्षाला २९६ ग्रॅम, आणि तेव्हा चहावर रेशन नव्हते. ब्रिटनची ती पिढी ज्याला टंचाई म्हणते, ते प्रमाण आपल्या मोकळ्या बाजारातल्या सरासरीच्या दहापट होते.

साखरेत फरक कमी आहे, दिशा तीच. ब्रिटिश रेशन आठवड्याला आठ औंस, म्हणजे वर्षाला ११.८ किलो. भारतात १९६०-६१ची सरासरी ४.८ किलो. दिवसाला १३ ग्रॅम, तीन लहान चमचे.

युद्धोत्तर ब्रिटनच्या बालपणावर तिकडे भरपूर लिहिले जाते: रेशनची पुस्तिका, शेकोटीपुढे मांडलेले पत्र्याचे टब, ५ फेब्रुवारी १९५३ला सुटलेले गोळ्या-चॉकलेटचे रेशन. त्याच वर्षांतले आपले घर आपल्याकडच्या आठवणींत येते ते बहुधा "तेव्हा काही कमी नव्हतं" या वाक्यासह. हे वाक्य सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला लावून पाहू. लोणावळ्याशेजारचे खंडाळा वेगळे. हे पुणे-सातारा महामार्गावरचे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे, शिरवळ आणि लोणंद ज्याच्या तालुक्यात येतात ते. तालुक्याची लोकसंख्या २०११ साली १,३७,४१८. जिल्ह्याच्या ३०,०३,७४१ लोकसंख्येच्या ४.६ टक्के. खाली वापराचे जे आकडे आहेत ते देशाच्या सरासरीचे आहेत. सरासरीत मुंबई-कलकत्ताही येतात, त्यामुळे चहा, साखर आणि विजेच्या बाबतीत कोरडवाहू तालुक्यातले घर तिच्या खालीच धरावे लागते. साखरेच्या आकड्यात गूळ नाही, एवढी सवलत मात्र द्यायला हवी.

आता कापड. १९६०-६१ साली सुती कापड माणशी १३.८ मीटर आणि इतर १.२ मीटर, एकूण १५ मीटर. नऊवारी लुगडे ८.२३ मीटरचे. दोन लुगडी झाली की १६.४६ मीटर, म्हणजे एक नेसायचे आणि एक वाळत घालायचे एवढ्यानेच घरातली बाई सरासरीच्या पुढे गेली. तिचा वाटा भरून निघायचा तो मुलांच्या कपड्यांतून. थोरल्याचा सदरा धाकट्याला आणि जुन्या लुगड्याची गोधडी, हा काटकसरीचा संस्कार म्हणून सांगितला जातो. १५ मीटरमध्ये दुसरे काही बसत नव्हते. ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशन १५ मार्च १९४९ला संपले.

उजेडाचा हिशेब याहून लहान आहे. घरगुती विजेचा वापर १९६०-६१ साली माणशी वर्षाला ३.४ युनिट होता. ६० वॉटचा एक दिवा त्यावर ५७ तास चालतो. सहा माणसांच्या घराचा वाटा एकत्र केला तरी दिवसाला तासभरही पुरत नाही. ही सरासरीही कागदावरचीच, कारण मार्च १९६१ अखेर देशात वीज पोचलेली गावे होती २१,७५४, सुमारे साडेपाच लाखांपैकी. चार टक्क्यांहून कमी. दहा वर्षांपूर्वीचा आकडा ३,०६१ होता, म्हणजे वाढ सातपट झाली होती आणि तरीही शंभरातल्या ९६ गावांत चिमणी आणि कंदीलच होता. संध्याकाळी सगळे घर एका खोलीत बसे, या आठवणीमागे हा आकडा आहे. दिवा एक असेल तर खोलीही एकच.

ब्रिटनही सगळ्याच बाबतीत पुढे नव्हता. १९५१च्या तिथल्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्के कुटुंबांकडे बसवलेले न्हाणीचे टब नव्हते.

धान्यात तुलना उलटी होते. युद्धात ब्रिटनने पावावर रेशन लावले नव्हते. ते लागले युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ ते जुलै १९४८, सामान्य प्रौढाला दिवसाला ९ औंस, म्हणजे २५५ ग्रॅम. त्याच १९४६ साली भारतातल्या रेशनच्या भागांत धान्याचे प्रमाण एक पौंडावरून १२ औंसांवर आले, ३४० ग्रॅम. आकडा आपला मोठा दिसतो. पण ब्रिटिश ताटात पावाशेजारी बटाटा, मांस, लोणी होते. आपल्याकडे ३४० ग्रॅम हेच बहुतेक जेवण होते, आणि त्यातून जेमतेम १,२०० उष्मांक मिळत. आजच्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो मिळतात, दिवसाला १६७ ग्रॅम. १९४६च्या निम्मे. निम्म्यावर बहुतेकांचे भागते, कारण उरलेले बाजारात मिळते आणि विकत घेता येते. तेव्हा मिळत नव्हते.

खंडाळ्यासारख्या गावात घरची ज्वारी-बाजरी असे, म्हणून रेशनची झळ शहराएवढी नव्हती, असे म्हणता येईल. लेव्हीचे, म्हणजे सरकारला सक्तीने विकावे लागणारे धान्य मात्र गावातूनच उचलले जाई. आणि पावसाची झळ रेशनदुकानापेक्षा मोठी होती. देशाचे धान्य उत्पादन १९६४-६५ साली ८ कोटी ९३ लाख टन होते, पुढच्याच वर्षी ७ कोटी २३ लाख. एका वर्षात १९ टक्के घट. माणशी रोजची उपलब्धता १९६५ मधल्या ४८० ग्रॅमवरून १९६६ मध्ये ४०८वर आली. तीही परदेशातून एक कोटी टनांहून अधिक धान्य आणल्यावर. आज साठीच्या उत्तरार्धात आणि सत्तरीत असलेली माणसे तेव्हा शाळेत होती. परदेशी गहू, दुधाची भुकटी आणि पुढे १९७२च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी त्यांच्या आठवणीत चवीसह आहे. चांगली चव होती असे कोणी सांगत नाही. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. मागेल त्याला काम देण्याची कल्पना त्याआधी १९६५ साली शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने अजमावली गेली होती.

आता पैसा. इथे युद्ध थेट मुलांच्या मुठीत आले. १९४२पर्यंतचा पैसा ४.८६ ग्रॅम वजनाचा होता. १९४३ पासून तांबे वाचवण्यासाठी मधोमध भोक पाडलेला पैसा निघाला, वजन २ ग्रॅम. ५९ टक्के धातू वाचला. रुपयाचे तसेच झाले. १९४० पूर्वीच्या रुपयात १०.७ ग्रॅम चांदी, त्यानंतरच्या रुपयात ५.८ ग्रॅम, १९४७च्या रुपयात शून्य. एकूण वजन मात्र तिन्हींचे एकच ठेवले, एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्याला कारण होते: ८० रुपयांचे वजन म्हणजे एक शेर, ९३३ ग्रॅम. वाण्याकडे वजन नसले तर रुपये टाकून तोलता येई. नाण्यातली चांदी काढली तरी तराजू बिघडला नाही.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० नवे पैसे आले. एक आणा म्हणजे हिशेबाने ६.२५ नवे पैसे, सरकारी तक्त्यात ६. एक जुना पैसा म्हणजे १.५६, तक्त्यात २. ज्याने आण्याची वस्तू एकदम घेतली त्याला ६ नवे पैसे पडले. ज्याने तीच पैशा-पैशाने चार वेळा घेतली आणि नव्या नाण्यांत पैसे दिले, त्याला ८ पडले. ३३ टक्के जास्त. एका पैशाच्या गोळ्या किंवा तेल घेणारी म्हणजे मुले आणि हातावर पोट असणारी माणसे. जुनी नाणीही काही वर्षे चालत राहिली, त्यामुळे जुना पैसा हाती असेल तोवर ही पट्टी चुकवता येत होती. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९५८ पासून, किलो यायला लागला. तो शेरापेक्षा ७ टक्क्यांनी जड. चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची मापे घरात त्यानंतरही राहिली: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायलीच्या पुढे एकवाक्यता नव्हती. मणाच्या पायल्या कुठे १२, कुठे १६. एखाद्या घरची "दहा मण ज्वारी" दुसऱ्या गावच्या दहा मणांशी ताडताना हे लक्षात ठेवावे.

नवे पैसे आले तेव्हा पोस्टकार्ड ५ नव्या पैशांना झाले. आज ५० पैसे आहे. त्या काळच्या घरात जिची किंमत आजवर फक्त दहापट झाली, अशी दुसरी वस्तू सापडणे कठीण. आणि त्या घराला त्याची गरज होती, कारण घरातला पुरुष मुंबईला होता. सातारा जिल्ह्यात १९९१ साली दर हजार पुरुषांमागे १,०२९ स्त्रिया होत्या. २००१ साली ९९५, २०११ साली ९८८. पहिल्या आकड्याचा अर्थ सरळ आहे: गिरणीत, गोदीत, माथाडीत गेलेले पुरुष गावात मोजले गेले नाहीत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. त्यानंतर परतलेल्यांमुळे आणि शिरवळसारख्या ठिकाणी उभ्या राहिलेल्या कारखान्यांमुळे हा आकडा उतरणे साहजिक होते. पण सगळी उतरण त्यामुळे नाही. सहा वर्षांखालच्या मुलींचे प्रमाण जिल्ह्यात २००१ आणि २०११, दोन्ही गणनांत ९०० च्या खाली आहे. एवढी लहान मुले काही मुंबईहून परतलेली नाहीत.

मुलींचा विषय निघाला म्हणून: नायगाव याच खंडाळा तालुक्यात. सावित्रीबाई फुले तिथे ३ जानेवारी १८३१ला जन्मल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. त्यानंतर १०३ वर्षांनी, १९५१ साली, देशातल्या स्त्रियांची साक्षरता ८.८६ टक्के होती. १९६१ साली १५.३५. त्या वर्षांतल्या घराच्या ज्या आठवणी छापल्या गेल्या त्या बहुतांशी मुलग्यांच्या आहेत, याचे कारण या दोन आकड्यांत आहे. जाते ओढणारीने लिहिले असते तर "काही कमी नव्हतं" हे वाक्य किती वेळा आले असते, सांगता येत नाही.

एका बाबतीत आठवण खरी ठरते. १९६१ साली डाळी-कडधान्यांची उपलब्धता माणशी दिवसाला ६९ ग्रॅम होती. २०११ साली ४३ ग्रॅम; ३८ टक्के घट. सहा माणसांच्या घरात रोज ४१४ ग्रॅमऐवजी २५८. त्याच काळात खाद्यतेल वर्षाला ३.२ किलोवरून १३.६ किलोवर आणि साखर ४.८वरून १७ किलोवर गेली. आजीची आमटी दाट होती, असे कोणी म्हणाले तर ते मान्य करावे. तिच्या हाताची चव हा वेगळा मुद्दा. डाळ खरोखरच जास्त होती, तेल कमी होते.

शेवटचा आकडा आठवणी सांगणाऱ्यांचा आहे. १९५१च्या सुमारास देशात हजार जन्मांमागे १४६ मुले वर्षाची होण्याआधी जात. इंग्लंड-वेल्समध्ये त्या वर्षी सुमारे ३०. महाराष्ट्रात २०२० साली १६. तेव्हा एका बाईला सरासरी सहा मुले होत. १४६ या दराने जवळजवळ प्रत्येक घरात एक तान्हे मूल गेले असा हिशेब निघतो. बालपण गोड होते, हे उरलेल्या पाच जणांचे मत आहे.

खंडाळ्यात १९६० साली दहा वर्षांचे असलेले आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. घरात असे कोणी असेल तर "तेव्हा कसं होतं?" एवढे विचारून थांबू नका. वर्षाला किती पायल्या ज्वारी लागायची, लुगडी किती होती, मुंबईहून महिन्याला किती रुपयांची मनिऑर्डर यायची, भावंडे किती जन्मली आणि किती वाढली, हे विचारा आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा.