उक्ते भाडे

निकाल लागले की मलकापूर स्थानकावर महाराष्ट्र एक्स्प्रेसची वाट पाहणाऱ्यांत आपल्या ओळखीची कुटुंबे दिसू लागतात. मुले पुण्यास शिकावयास निघालेली असतात. मेसचे जेवण सूर्यास्तानंतर आणि पाणी उकळण्याची सोय नाही. म्हणून तीन-चार कुटुंबे मिळून मुलांसाठी एखादा फ्लॅट घेतात. घरमालक पुष्कळदा "लाईट, पाणी, वाय-फाय, मेंटेनन्स सगळे धरून" असा एकच आकडा सांगतो. दूर राहणाऱ्या पित्यास तो सोयीचा वाटतो.

खामगावच्या माझ्या पुतण्याने असाच व्यवहार केला. चार मुली, दोन खोल्या व स्वयंपाकघर, दरमहा २६,००० रुपये सर्व धरून, अनामत ७८,०००. घर सोडताना मालकाने अनामतीतून १३,४०० रुपये कापून घेतले. कारण, "विजेचा वापर वाजवीपेक्षा जास्त झाला." करारात 'वाजवी वापर' हे शब्द होते खरे, वाजवी म्हणजे किती युनिट, हे कोठेही नव्हते. माझी सारी नोकरी कर्जाची कागदपत्रे वाचण्यात गेली, पण घरातला हा कागद सही होण्यापूर्वी मी वाचला नाही.

उक्ता सौदा आपल्या व्यापारास नवा नाही. ढीग पाहून किंमत ठरविली की मागाहून काटा आणता येत नाही. सर्व धरून भाडे घेणारा मालक विजेची जोखीम स्वतःवर घेतो आणि त्यापोटी भाड्यात काही वाढ धरूनच ठेवतो. जोखमीचा मोबदला घ्यावयाचा आणि जोखीमही परत करावयाची, हे न्यायाचे नव्हे.

तथापि मालकाची बाजूही आकड्यांत पाहिली पाहिजे. दोन किलोवॉटचा गीझर चौघींसाठी प्रत्येकी वीस मिनिटे चालला, तर महिन्याला सुमारे ८० युनिटे होतात. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट घेतो. रात्रीचे आठ तास धरले तर महिन्याचे ३६०. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० व ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात. चौघींचा वापर एकाच मीटरवर आला की महागडा टप्पा लवकर गाठला जातो. म्हणून घर पाहतानाच मागील बारा महिन्यांची बिले मागावीत, मे महिन्याचे तर अवश्य. मीटर स्वतंत्र आहे की दोन फ्लॅटांत एक, हेही विचारावे. करारात स्पष्ट लिहावे की दरमहा इतकी युनिटे भाड्यात धरली आहेत व त्यापुढील युनिटांचे पैसे बिलातील प्रत्यक्ष दराने दिले जातील. पाण्याच्या टँकरचा खर्च कोणाचा, हेही त्याच ओळीत यावे. उन्हाळ्यात तोच वादाचा विषय होतो.

"काका, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागतेच कुठे?" असे पुतण्या म्हणाला. लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करारही लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. एवढे एक कलम मी फोनवर शांतपणे वाचून दाखविले. आठवड्याने ११,००० रुपये खात्यात जमा झाले. उरलेल्यासाठी आम्ही भांडलो नाही. मुलींनी हिवाळ्यात हीटर लावला होता, हे नंतर कळले.

दुसरी चूक अधिक आपल्यासारखी. भाडे दुकानाच्या चालू खात्यातून जात होते. १८ जुलै २०२२ पासून जीएसटी नोंदणी असलेल्याने निवासी घर भाड्याने घेतल्यास कर त्यालाच भरावा लागतो. १ जानेवारी २०२३ पासून एकल मालकीच्या व्यापाऱ्यास, घर स्वतःच्या राहण्यासाठी व व्यक्तिगत नावाने घेतल्यास, सूट मिळाली. दुकानाच्या पुस्तकांत भाडे खर्ची पडले की ही सूट सांगणे कठीण होते. करार मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने करता येईल का, हे आपल्या सीएला आधी विचारावे.

यंदा पुतण्याची धाकटी निघाली आहे. करार नोंदविला, ३०० युनिटांची मर्यादा लिहिली, आणि घरात पाऊल ठेवताच तिने मीटरचा फोटो आम्हा सर्वांना पाठविला.