गिअरची सायकल घेण्याआधी चाक फिरवून बघा

आठवी-नववीतल्या मुलाने घरात एकदा "गिअरची सायकल" असा हट्ट धरला की तो सुटत नाही. जाड टायर, पुढे शॉकअप, चाकात डिस्क ब्रेक, रंग भडक. दुकानदार तिला एमटीबी म्हणतो, म्हणजे माउंटन बाइक, डोंगरावरची सायकल. मुलांसाठीच घेतात असं नाही. कामावर जाणारे बापलोक, कॉलेजला जाणाऱ्या मुली, पार्सल पोचवणारी पोरंही हीच सायकल घेतात. भिशी उचलून किंवा बचत गटातून पैसे काढून घेतलेली वस्तू असते ती. म्हणून घेण्याआधी ती कशी पारखायची, हे यावेळी आम्ही आरोग्याच्या पानावर मांडत आहोत.

सायकल आणि आरोग्य यांचं नातं दुहेरी आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं अंग हलवावं. शाळेला किंवा कामाला सायकलने जाणाऱ्याचा हा हिशेब वेगळा वेळ न काढता बराचसा पूर्ण होतो. पण तीच सायकल मापाची नसेल तर गुडघे आणि मनगटं धरते. चाक ढिलं किंवा ब्रेक कच्चा असेल तर दात, मनगट, गळ्याचं हाड आणि डोकं, सगळंच धोक्यात येतं.

ही सायकल आली कुठून?

या सायकलीचा जन्म अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथली काही तरुण मंडळी १९७० च्या दशकात जुन्या, जाड टायरच्या, भंगारात निघालेल्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्यावरून डोंगर उतरायची. १९७६ मध्ये त्यांनी एका उतारावर शर्यत सुरू केली. त्या जुन्या सायकलींना पायडल उलटं मारून लागणारा, मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक होता. उतार संपेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. दर वेळी हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ याने या कामासाठी खास नवी सायकल बांधली आणि १९८० च्या दशकात कारखान्यातून अशा सायकली निघू लागल्या. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला.

त्या मंडळींना पहिला त्रास दिला तो ब्रेकने आणि चाकांनी. म्हणून खऱ्या माउंटन बाइकमध्ये मोठा खर्च चाकं, ब्रेक आणि चांगल्या चिमट्यावर होतो. आपल्या बाजारात आठ-दहा हजारांच्या आत मिळणाऱ्या सायकलीत ते परवडत नाही. तिथे दिसणाऱ्या गोष्टी आधी लावतात आणि न दिसणाऱ्या गोष्टींत काटकसर करतात. अशा अनेक सायकलींच्या पुस्तिकेत उड्या, स्टंट आणि खडकाळ उतारासाठी ही सायकल नाही, असं छापलेलंही असतं. ते वाचा आणि मुलाला वाचायला लावा. ही रस्त्यावर चालवायची सायकल आहे, असं धरूनच ती पारखायची.

आधी माप, मग रंग

मुलगा वाढतोय म्हणून मोठी सायकल घेणं ही घरोघरची पद्धत. शाळेच्या गणवेशाला ती चालते, सायकलीला नाही. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, तळवे जमिनीवर टेकवून उभं राहायला सांगा. जांघ आणि दांडा यांच्यात किमान दोन इंच जागा हवी. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. चवड्याने पायडल मारताना गुडघा मग आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि गुडघ्यामागची शीर ओढते. सीटच्या नळीवर एक खूण असते. त्या खुणेच्या वर नळी काढायची नाही, मोडते.

हँडल फार लांब असेल तर शरीराचा भार तळहातावर येतो. रोज तसं चालवलं की करंगळी आणि तिच्याशेजारच्या बोटाला मुंग्या येतात, कारण तळहातातली नस दबते. दुकानात पाच मिनिटं चालवून बघा. कोपर ताठ करावे लागत असतील तर लहान मापाची सायकल मागा.

चाक: दहा मिनिटं इथे घाला

सायकल उचलून चाक जोरात फिरवा. ब्रेकचं रबर आणि रिंग यांच्यातल्या फटीवर नजर ठेवा. डिस्कची सायकल असेल तर चिमट्याला बोट टेकवून रिंगेजवळ आणा. फट डावी-उजवीकडे एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर रिंग आउट आहे. चाक वर-खाली उड्या मारतंय का, तेही बघा. नव्या सायकलीची रिंग थोडी आउट असू शकते. ती तिथल्या तिथे काढून घ्या. "चालवली की बसेल" हे ऐकून घेऊ नका. चालवली की ती वाढते.

मग तारा, म्हणजे स्पोक. एका बाजूच्या दोन-दोन तारा मुठीत धरून दाबत चाकाला फेरी मारा. एका बाजूच्या सगळ्या तारांचा ताण सारखा लागला पाहिजे. नखाने छेडल्या तर आवाजही जवळपास सारखा यायला हवा. मागच्या चाकात चेनकडच्या तारा जास्त ताठ आणि दुसऱ्या बाजूच्या थोड्या सैल असतात. ते नैसर्गिक आहे, म्हणून तुलना एकाच बाजूच्या तारांची करा. मध्येच एखादी तार लोळत असेल तर तिच्या वाट्याचा भार शेजारणींवर पडतो, त्या तुटतात आणि चाकाला आठ येते. सिलिंडर, पाण्याचे कॅन, पार्सलची पेटी वाहायची असेल तर ३६ तारांचं चाक मागा.

आता चाक धरून आडवं हलवा. खटखट जाणवली तर हबचे कोन सैल आहेत. हळूहळू फिरवताना वाळू चिरडल्यासारखं लागलं तर छर्रे जास्त आवळलेत किंवा आत ग्रीस नाही. दोन्ही गोष्टी पान्याने पाच-दहा मिनिटांत दुरुस्त होतात. तशाच चालवल्या तर हब खराब होतो.

रिंग कशाची आहे हे ओळखायला घरातलं लहान लोहचुंबक खिशात न्या. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम. रबर रिंगेला घासून थांबणारा ब्रेक असेल तर हा फरक मोठा आहे. क्रोम चढवलेली लोखंडी रिंग पावसात ओली झाली की रबर घसरतं आणि सायकल फार उशिरा थांबते. आपल्याकडे चार महिने पाऊस. तेव्हा रबरी ब्रेक असेल तर रिंग ॲल्युमिनियमचीच हवी. त्यातही 'डबल वॉल' रिंग असेल तर उत्तम, खड्ड्यात ती सहज चेपत नाही. टायर काढल्यावर तारांच्या टोप्या खोल भोकांत दिसल्या तर ती डबल वॉल. टेपखाली लगेच उघड्या दिसल्या तर साधी.

तारांऐवजी पाच-सहा जाड पात्यांची, मोटारसायकलसारखी दिसणारी मॅग चाकं मुलांना फार आवडतात. ती तारांच्या चाकापेक्षा जड असतात. आउट झाली तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ती काढू शकत नाही आणि तडा गेला तर अख्खं चाक बदलावं लागतं. रोजच्या वापराला तारांचं चाक बरं.

टायरवरचे आकडे

टायरच्या बाजूला २६ × २.१० आणि त्याखाली ५४-५५९ असे आकडे असतात. पहिली जोडी इंचांत. दुसऱ्या जोडीतला ५४ म्हणजे टायरची रुंदी आणि ५५९ म्हणजे रिंगेवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. खरा भरवशाचा आकडा हा दुसरा. कारण '२६' असं नाव असलेले सगळे टायर एकसारखे नसतात. २६ × १ ३/८ असा बारीक टायर ५९० च्या रिंगेवर बसतो, ५५९ वर नाही. २७.५ इंचाला ५८४ आणि २९ इंचाला ६२२ असतात. सायकल घेण्याआधी वस्तीतल्या पंक्चरवाल्याला विचारा की या आकड्याची ट्यूब आणि टायर त्याच्याकडे मिळतात का. मिळत नसतील तर पहिल्या पंक्चरनंतर सायकल भिंतीला टेकून राहते.

जाड गाठींचा टायर चिखल-मातीसाठी. डांबरी रस्त्यावर तो जड चालतो आणि दम लवकर काढतो. कामाला जाणाऱ्याने मध्ये सपाट आणि कडेला गाठी असलेला टायर मागावा. हवा किती भरायची तेही टायरवर छापलेलं असतं.

ब्रेक आणि बाकीचे भाग

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. पुढचं चाक जागचं हलता कामा नये, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा ब्रेक दाबून ढकला, चाक फिरण्याऐवजी फरफटलं पाहिजे. लिव्हर पूर्ण दाबली तरी ती हँडलच्या मुठीला टेकता कामा नये. लहान मुलांच्या किंवा मुलींच्या हाताला लिव्हर लांब पडत असेल तर बहुतेक लिव्हरला ती जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो. तो फिरवून घ्या.

डिस्क चांगली की रबर? पावसात डिस्कचा फायदा आहे, शिवाय रिंग थोडी आउट झाली तरी डिस्क थांबवते. पण स्वस्तातली केबलची डिस्क वारंवार जुळवावी लागते, तिचे पॅड शोधत फिरावं लागतं आणि चकतीला तेलाचा थेंब लागला तरी ब्रेक जातो. नवी डिस्क पहिल्या दिवशी कमी पकडते. मोकळ्या जागी वीसेक वेळा वेग घेऊन ब्रेक लावला की ती बसते. ॲल्युमिनियमची रिंग आणि रबराचा व्ही-ब्रेक हा कमी खर्चाचा आणि कुठेही दुरुस्त होणारा जोड आहे. घरात लहान लेकरं असतील तर फिरत्या चकतीत बोट जाणार नाही, हेही बघा.

शॉकअप दाबून सोडा. ठक्क आवाज न करता परत वर आला पाहिजे. कमी किमतीत पुढे-मागे दोन्ही शॉकअप असलेली सायकल घेऊच नका. वजन वाढतं, पायडलची ताकद स्प्रिंगमध्ये जाते आणि जोड लवकर खिळखिळे होतात.

सायकल कारखान्यातून अर्धवट जोडलेली, खोक्यात येते. हँडल, पुढचं चाक आणि पायडल दुकानात बसवतात. म्हणून जोडणीही तपासा. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल वळवा, ते एकटं फिरता कामा नये. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे करा, हँडलखाली खटखट नको. चिमटा उलटा बसवलेला नाही ना ते बघा. व्ही-ब्रेक चिमट्याच्या पुढच्या बाजूला दिसला पाहिजे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जबरदस्तीने बसवलेलं पायडल तिरकं दिसतं आणि पुढे निखळतं. ऑनलाइन मागवली तर ही जोडणी तुमच्या गळ्यात पडते. अशा वेळी जाणत्या मिस्त्रीला पैसे देऊन जोडून घ्या.

पैसे देताना

ठरवलेले सगळे पैसे सायकलीत घालू नका. हेल्मेट, घंटी, पुढचा-मागचा दिवा आणि कुलूप यांचे पैसे बाजूला ठेवा. सायकलच्या हेल्मेटमध्ये आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असं लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. पक्कं बिल घ्या, त्यावर फ्रेमचा नंबर लिहून घ्या. हमी फ्रेमची किती आणि चाकांची किती, हे वेगवेगळं विचारा. टायर, रबर, पॅड यांना बहुधा हमी नसते. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिल हाती असेल तर तक्रारीला जोर येतो.

नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही दिवसांत बसतात आणि सैल होतात. म्हणून महिन्याभरात सायकल परत दुकानात नेऊन तारा ताणून, आउट काढून घ्या आणि सगळे नट आवळून घ्या. ही पहिली सर्व्हिस फुकट आहे का, हे घेतानाच ठरवा. हे पान कापून ठेवा, दुकानात जाताना सोबत न्या आणि चाक मुलाच्याच हाताने फिरवून घ्या. रोज ती सायकल तोच चालवणार आहे. तार सैल झालेली त्याला स्वतःला कळली पाहिजे.