पुन्हा विचारण्याची किंमत

दुसऱ्या यंत्रावरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडते, ती 'रिमोट प्रोसीजर कॉल'च्या म्हणजे आरपीसीच्या जिवावर. प्रोग्रॅमच्या लेखी ते एक साधं फंक्शन. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टीम त्याची विनंती नेटवर्कवरून सर्व्हरकडे धाडते आणि उत्तराची वाट बघत बसते. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये याची रचना तपशिलानं मांडली. सन कंपनीची एनएफएस ही फाइल-व्यवस्थाही आरपीसीवरच उभी राहिली.

सगळी गोम त्या वाट बघण्यात आहे. सुरुवातीची एनएफएस यूडीपी या नेटवर्क प्रोटोकॉलवर चाले, आणि हरवलेल्या पॅकेटची जबाबदारी यूडीपी घेत नाही. ठरावीक वेळात उत्तर आलं नाही, की क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवी. पण सर्व्हर बंद पडलेला नसून कामाखाली दबलेला असेल तर? आधीच लांबलेल्या रांगेत तेच काम दुसऱ्यांदा येऊन पडे. त्यात ८ किलोबाइट लिहिण्याची विनंती इथरनेटवरून सहा तुकड्यांत जाई. एक तुकडा गळाला, तर उरलेले पाचही वाया. 'फाइल पुसा' ही विनंती दोनदा पोहोचली, तर काम चोख होऊनही उत्तर येई: 'अशी फाइलच नाही'!

पुन्हा पाठवण्याचा हाच उतावळेपणा इंटरनेटलाही भोवला होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काढलेला उपाय लिनक्सच्या आरपीसी कोडनंही उचलला: उत्तरं यायला किती वेळ लागतो ते मोजत राहायचं आणि उत्तर वेळेत आलं नाही की अनुत्तरित विनंत्यांची मर्यादा घटवायची.

तरीही हा अंदाजच. मला आरडीएमएवरच्या, म्हणजे एका यंत्राच्या मेमरीतून थेट दुसऱ्याच्या मेमरीत डेटा नेणाऱ्या तंत्रावरच्या, आरपीसीची रीत जास्त पटते. तिथे सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत सांगतो, एका वेळी किती विनंत्या चालतील. त्याहून जास्त पाठवायच्याच नाहीत. ज्याच्यावर भार पडतो, मर्यादाही त्यानंच ठरवावी, हे रास्तच. एनएफएस ४.१ नं २०१० मध्ये ठरावीक 'स्लॉट' आणले. प्रत्येक स्लॉटमध्ये एका वेळी एकच क्रमांकित विनंती. त्यामुळे दुबार आलेली विनंती ओळखून सर्व्हर जपून ठेवलेलं जुनंच उत्तर देतो.

यूडीपीवरची एनएफएस मात्र लिनक्स कर्नलनं २०२० मध्ये डीफॉल्ट सेटिंगमध्येच बंद करून टाकली.