विश्लेषण : अमेरिकी डॉलर वितळले आणि त्यांचा झाला आपला रुपया!

लक्ष्मीपूजनाच्या तबकात ठेवला जाणारा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातील अनेक घरांत आजही जपलेला असतो. चांदीचा भाव वधारला की तो सराफाकडे वजनावर मोडला जातो. काहींना मोबाइलवरची ‘जुन्या नाण्याचे लाखो रुपये’ ही जाहिरात भुरळ घालते. पण हा रुपया १९१८ किंवा १९१९ चा असेल, तर त्यातील चांदी एकेकाळी अमेरिकी डॉलरच्या रूपात असण्याची शक्यता आहे. हे कसे घडले आणि अशा नाण्याचे करायचे काय?

भारतात चांदी का आटली?

पहिल्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून ताग, धान्य, कातडी असा माल प्रचंड प्रमाणात उचलला. त्याचे पैसे आणि सैनिकांचे पगार रुपयांत द्यावे लागत. कागदी नोट खजिन्यात दिली की चांदीचे रुपये मिळत आणि लोकांचा भरवसा चांदीवरच होता. युद्धाच्या वाईट बातम्या येऊ लागल्या, तशी नोटा वटवण्यासाठी गर्दी वाढली. चांदी वाचवण्यासाठी सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची आणि जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोट काढली. दोन, चार आणि आठ आण्यांची नाणी चांदीऐवजी तांबे-निकेलच्या मिश्रधातूत पाडली गेली. तरीही साठा घटतच होता.

अमेरिकेने काय केले?

२३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत पिटमन कायदा झाला. नेवाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. सरकारी तिजोरीत पडून असलेले ३५ कोटींपर्यंत चांदीचे डॉलर वितळवण्याची मुभा त्याने दिली. प्रत्यक्षात २७ कोटींहून अधिक डॉलर वितळले. त्यापैकी सुमारे २५ कोटी ९० लाख डॉलरची चांदी ब्रिटनला भारतासाठी विकण्यात आली. तिच्या लाद्या जहाजांनी भारतात आल्या आणि टांकसाळींत तिचे रुपये झाले.

हिशेबही गमतीशीर आहे. डॉलरचे वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी. रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. म्हणजे चार डॉलरच्या चांदीत नऊ रुपये!

याचा दुर्मीळतेशी संबंध काय?

वितळवलेले डॉलर कोणत्या वर्षाचे, कोणत्या टांकसाळीचे, याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे किती नाणी पाडली यावरून किती उरली, हे सांगता येत नाही. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा १९०३ चा मॉर्गन डॉलर याचे उत्तम उदाहरण. ४४ लाखांहून अधिक पाडलेले हे नाणे पुढे अतिदुर्मीळ मानले गेले. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून त्याच्या न उघडलेल्या पिशव्या निघाल्या आणि त्याचा भाव कोसळला.

वितळवलेल्या डॉलरची भरपाई करणेही कायद्याने बंधनकारक होते. म्हणून १९०४ नंतर बंद पडलेला मॉर्गन डॉलर १९२१ मध्ये कोट्यवधींच्या संख्येने पुन्हा पाडला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘पीस डॉलर’ आला. तो पहिल्या वर्षी जेमतेम १० लाख पाडला गेला, म्हणून संग्राहक त्याला अधिक मोल देतात.

घरातला रुपया कसा ओळखावा?

● मागच्या बाजूला सर्वांत खाली असलेल्या कमळाखाली बारीक ठिपका असेल, तर तो मुंबई टांकसाळीचा. ठिपका नसेल तर कोलकात्याचा.
● १९१८ आणि १९१९ चे रुपये अफाट संख्येने निघाले. त्यांना सहसा चांदीहून फार जास्त भाव मिळत नाही.
● १९११ चा रुपया वेगळा. राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाल्याने तो मागे घेण्यात आला.
● १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे. १९४७ चा रुपया निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो.
● नाणे चिंच, राख किंवा पावडरने घासू नका. चकाकी येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

बाजारात मिळणाऱ्या अमेरिकी डॉलरच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. त्यांच्या नकला भरपूर आहेत. व्यास ३८.१ मिलिमीटर आणि वजन २६.७३ ग्रॅमच्या आसपास नसेल, तर शंका घ्यावी. चुंबकाला न चिकटणे हा मात्र अस्सलपणाचा पुरावा नव्हे.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे जुने नाणे ‘पुरावशेष’ ठरते आणि ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे आजोबांचा १९१८ चा रुपया परदेशातील ग्राहकाला कुरिअरने पाठवणे गुन्हा ठरू शकतो. पाया खणताना नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

जाहिरातींचे काय?

‘रिझर्व्ह बँकेची मंजुरी’, ‘आधी शुल्क भरा, मग लाखो मिळवा’ असे सांगणाऱ्यांपासून दूर राहा. आपण जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. पैसे गेलेच, तर तातडीने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

बदलापूरहून लोकलने ‘सीएसएमटी’ला उतरले की मुंबईची टांकसाळ आणि रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय, दोन्ही पायी गाठता येतात. रुपया मोडीत घालण्यापूर्वी त्यावरचे साल आणि कमळाखालचा ठिपका तेवढा पाहून घ्यावा. एकदा मुशीत गेलेले नाणे परत येत नाही.